मास्तरांचं नाक

दोन वर्षं माझ्या नवऱ्याने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत. मला वाटलं, माणूस सुधारला.

आधी काय थाट होता त्याचा! बूट काढता काढता दारातूनच सांगायचा, "कांदा कच्चा राहिलाय. तेल कालचं आहे. आणि दूध तळाला लागलंय, आधी उतरव." मी भांडं आपटून उतरवायची आणि दूध खरंच लागलेलं असायचं. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे रोज दोन वेळा परीक्षेला बसणं. मग हळूहळू ते बंद झालं. करपलेली भाजी वाढली तरी गुमान जेवायचा, वर "छान झालीय" म्हणायचा. मी बहिणीला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा, "वय झालं की पुरुष मऊ पडतो बघ." ती म्हणाली, "तुझा पडला असेल. आमच्याकडे अजून बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, आशा नाही."

आम्ही डोंगरावर राहतो. वर कडा, खाली दरी, मधल्या उतारावर पायऱ्या खोदून लावलेले द्राक्षांचे वेल. उतार इतका उभा की काढणीच्या दिवसांत भरलेले क्रेट तारेवरून खाली सोडावे लागतात. सकाळी ढग पायाखाली असतात. पाहुणे गाड्या भरून येतात, वरच्या काचेच्या खोलीत बसतात, ढगांचे फोटो काढतात आणि वाइनचा घोट घेऊन डोळे मिटतात. त्यांचे पेले मी भरते. कोण खरे डोळे मिटतं आणि कोण शेजारचा मिटतोय म्हणून मिटतं, हे मला बाटली न उघडताही सांगता येईल.

इथे तीन वाइन होतात. वरच्या थंड पट्ट्यातली पांढरी. खालच्या पट्ट्यातली साधी लाल. आणि कड्याला चिकटलेल्या अरुंद पट्ट्यातली लाल, तिला सगळे 'कड्यावरची' म्हणतात. पहिल्या दोन आमचे पगार काढतात, तिसरी मालकीणबाईंना मिरवायला लागते. ही तिसरी तळघरात ओकच्या पिंपांत मुरते. द्राक्षं तीच, पण पिंपं एकाच आईची पोरं असावीत तशी वागतात. एक शहाणं निघतं, एक बिघडतं. म्हणून मिसळणीच्या दिवशी मास्तर एकेका पिंपातून काचेच्या नळीने थोडी वाइन काढतो, हुंगतो, तोंडात घोळवतो, भांड्यात थुंकतो आणि पिंपाच्या तोंडावर खडूने खूण करतो. रेघ म्हणजे हे मोठ्या टाकीत घ्या. फुली म्हणजे घेऊ नका. खूण झाली की बोलणं संपलं. मालकीणबाईसुद्धा 'का' म्हणून विचारत नाहीत. माझा धाकटा दीर पंप सांभाळतो. तो रेघ बघतो, पिंपात पाइप सोडतो, पुढे चालतो. एक नासकं पिंप टाकीत गेलं तर डोंगराचं अख्खं वर्ष व्हिनेगरच्या वाटेला लागतं. परत वेगळं काढता येत नाही.

मास्तर म्हणजे माझा नवरा. वरच्या खोलीत त्याचा भिंतभर फोटो आहे, पेल्यात नाक घातलेला. पाहुणे त्या फोटोशेजारी उभे राहून फोटो काढतात.

आमची मुलगी बारकी. नावाला बारकी, उंचीने दाराची चौकट गाठते. शाळा संपल्यापासून ती तळघरातच. पिंपं धुवायची, कमी झालेली भरून घ्यायची, आणि दोन वर्षं झाली, चाखताना बापाच्या शेजारी उभी राहायची. तो आधी पेला तिच्या हातात द्यायचा. "सांग बघू, काय येतंय?" ती सांगायची. मग तो हुंगायचा, मान हलवायचा. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा, पोरीला हाताला धरून शिकवतोय. मीही म्हणायची.

मिसळणीच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चहा घेतला नाही.

"आई, मला नाक नाही?"

"सकाळी सकाळी काय गं हे? आहे की चांगलं. माझ्या माहेरचं आहे."

"थट्टा नको. दरीपलीकडच्या मळ्यात चाखायला माणूस हवं होतं. मी विचारलं होतं. त्यांनी बाबांना फोन केला, पोरगी कशी आहे म्हणून. बाबा म्हणाले, मेहनती आहे, पण नाक नाही."

"कोण म्हणालं तुला?"

"तिथल्या मॅनेजरनेच सांगितलं. फार सभ्यपणे सांगितलं. 'तुमच्या वडिलांचा शब्द म्हणजे आमच्यासाठी शेवटचा', असं."

मी हातातला चमचा खाली ठेवला. म्हटलं, "तुला दूर पाठवायचं नसेल त्याच्या मनात. बाप आहे."

"मग तसं म्हणायचं ना, जाऊ नको. नाक नाही कशाला? मग रोज मला का विचारतात, काय येतंय म्हणून?"

"शिकवतो तुला."

"शिकवणारा कधीतरी चूक म्हणतो, आई. दोन वर्षांत बाबा एकदाही चूक म्हणाले नाहीत. आता माझं ठरलंय. आज मुद्दाम चूक सांगणार. सगळ्यांत घाण पिंपाला सगळ्यांत चांगलं म्हणणार. बघू ओरडतात का."

"कान उपटेल तुझा, पाहुण्यांसमोर."

"उपटू दे. तेवढंच हवंय मला."

मला हसू आलं. बापलेकीचं भांडण मीठ-मसाल्यासारखं असतं, दोन घास झाले की विरतं, असा माझा समज. मी तिला म्हटलं, जा, चाखायच्या आधी तोंड तरी धू.

हल्ली मालकीणबाई मिसळणीलासुद्धा पाहुणे खाली आणतात. 'अनुभव' म्हणतात त्याला. आमची कामं करताना लोक आमच्याकडे बघतात, त्याचे पैसे. म्हणून मीही पेल्यांची टोपली घेऊन खालीच होते. तळघर लांबट आहे, दगडी, कमानीचं. दोन्ही बाजूंना पिंपं, मध्ये चिंचोळी वाट. पंप मागच्या भिंतीआड एका कोनाड्यात, कारण आवाज पाहुण्यांना आवडत नाही. टाकी वरच्या मजल्यावर. पाइप भिंतीतल्या भोकातून जातो.

पहिली पिंपं नीट पार पडली. नवरा पेला पोरीला द्यायचा, ती दोन शब्द पुटपुटायची, मग तो हुंगायचा आणि तेच दोन शब्द फुलवून पाहुण्यांना सांगायचा. तिने 'चेरी' म्हटलं की तो 'उन्हात पिकलेली चेरी' म्हणायचा. मी हे आधी कितीदा पाहिलं होतं, देव जाणे. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

कोपऱ्यातलं पिंप आलं. त्याचं बूच कधीतरी सैल झालं होतं, आत हवा गेली होती. नळीतून पेल्यात वाइन पडली आणि मला टोपलीपाशी, एवढ्या लांब, तो वास आला. नखांचा रंग काढायचं औषध असतं ना, अगदी तसा. पाहुण्यांतल्या एक बाई मागे सरकल्या. माझा दीर तर उघड म्हणाला, "हं, ह्याची फुली." आणि पाइप घेऊन पुढच्या पिंपाकडे निघालासुद्धा.

"थांब," नवरा म्हणाला. "घाई कसली? बारके, सांग बघू. काय येतंय?"

पोरीने हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मिश्कीलपणा होता, लहानपणी लपून बसली की असायचा तसा.

"बाबा, हे सगळ्यांत भारी," ती म्हणाली. "काळी फळं, थोडी दालचिनी. ह्या वर्षाचा कणा आहे हे."

त्याने पेला घेतला. नाक आत घातलं, फोटोत आहे तस्सं. घोट घेतला, गालांतून फिरवला. मी वाट बघत होते. आता ओरडेल, आता भांडं उचलून थुंकेल.

त्याने गिळलं.

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला कामावर गिळताना पाहिलं नव्हतं. चाखणारा गिळत नाही. गिळायला लागला की दुपारपर्यंत भिंती धरून चालेल. पण त्याच्या गळ्याचा कंठमणी वर गेला, खाली आला. चेहऱ्यावर काही नाही. अंधारात भिंत चाचपडणारा माणूस असतो तसा तो घशाने काहीतरी चाचपडत होता.

मग त्याने पाहुण्यांकडे वळून म्हटलं, "काळी फळं. आणि मागून, अगदी हळूच, दालचिनी. मंडळी, ह्या वर्षाचा कणा."

आणि रेघ ओढली.

बारकी लहानपणी जिन्यावरून पडली होती. आपटल्यावर, रडं फुटायच्या आधी, तिने माझ्याकडे जसं पाहिलं होतं, तसं पाहिलं. मिश्कीलपणा कुठच्या कुठे गेला. करपलेली भाजी, लागलेलं दूध, 'छान झालीय', सगळं एकदम डोक्यात येऊन आदळलं. हा माणूस सुधारला नव्हता. ह्याला वासच येत नव्हता! आणि दोन वर्षं मी शेजारी झोपत होते आणि मला पत्ता नव्हता.

दीर डोकं खाजवत परत आला. रेघ आहे म्हणजे आहे. त्याने पिंपात पाइप सोडला. तोंड वाकडं करून मला म्हणाला, "वहिनी, माझंच नाक बिघडलं वाटतं. म्हातारा झालो."

तो पंप चालू करायला कोनाड्याकडे वळला आणि त्याच्या पाठीमागे बारकीने खाली वाकून पाइपचा कॉक गच्च बंद केला. मी पाहिलं. दुसऱ्या कोणी पाहिलं नाही. ओरडता आलं असतं तिला. पण पंधरावीस लोक मोबाइल उगारून उभे आणि समोर बाप. कुठली पोर ओरडेल? वाइन वाचवली, बापालाही वाचवायला निघाली होती. दिराने बटण दाबलं आणि तो शिडीने वर टाकी बघायला गेला.

त्या पंपात रबराची पाती असतात. वाइन येत असली की ती ओली राहतात. कोरडी फिरली की जळतात.

नवरा पुढच्या पिंपापाशी बोलत होता. कड्यावरचं ऊन, मुळं दगडात कशी शिरतात वगैरे. कोनाड्यातून वास यायला लागला. आधी जरासा, मग भसकन. जळक्या रबराचा वास काय असतो ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. जिभेवर येऊन बसतो. लोकांनी रुमाल काढले. एका मुलाने "श्शी" केलं. मालकीणबाई इकडेतिकडे बघायला लागल्या. धूर दिसत नव्हता, तो भिंतीआड होता. नवरा पेल्यात नाक घालून उभा.

एक टकले गृहस्थ होते, सभ्य. त्यांना वाटलं असावं, माणसाला तोडून बोलू नये. म्हणाले, "मास्तर, जळकट वास येतोय हो."

आणि माझा नवरा हसला. प्रसन्न हसला. पेला उंच धरून म्हणाला, "वा! बरोबर पकडलंत. पिंप आतून जाळून घेतात, त्या लाकडाचा धूर आहे तो. नाक तयार आहे तुमचं."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे, मग मालकीणबाईंकडे. कोणी हसलं नाही. एक बाई खोकत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी इतकी लाज आयुष्यात कधी पाहिली नाही, आणि ज्याची होती त्याला ती दिसत नव्हती. तो अजून हसतच होता.

वरून दीर धडधडत उतरला. "बंद करा, बंद करा! पंप जळला! दादा, अरे इथे उभा आहेस तू, तुला वास नाही आला?"

दादाचं हसू गेलं नाही, नुसतं चेहऱ्यावर राहिलं. वाळत घातलेलं कापड विसरून राहावं तसं.

मालकीणबाईंनी टाळी वाजवली. "मंडळी, वर चला, ढग फार सुंदर आलेत!" मेंढरं हाकलावीत तसे पाहुणे वर हाकलले, दिराला दारं उघडायला मागोमाग पाठवलं, आणि स्वतः परत आल्या. तळघरात आम्ही चौघं उरलो.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हे काय होतं?"

"सर्दी झालीय जरा."

"किती दिवस?"

तो हातातला पेला पुसायला लागला. बारकी म्हणाली, "बाबा, त्या कोपऱ्यातल्या पिंपात काय आहे?"

"तू सांगितलंस ना."

"मी खोटं सांगितलं. ते नासलंय. आईला लांबून कळलं. काकांना कळलं. तुम्ही त्याला कणा म्हणालात."

तो पिंप ठेवायच्या एका रिकाम्या लाकडी घोडीवर बसला. मग म्हणाला, "मागे ताप आला होता. तो उतरला, पण नाक परत आलं नाही. वाटलं, येईल. महिना गेला, वर्ष गेलं. जिभेला सगळीच वाइन सारखी आंबट, सारखी तुरट लागते. बाकी सगळं पाणी."

"दोन वर्षं?" मालकीणबाई म्हणाल्या. "मग गेल्या वर्षीची 'कड्यावरची' कुणी निवडली? एवढी गाजली ती."

त्याने मुलीकडे बोट केलं नाही. मानही वळवली नाही. पण मी आणि मालकीणबाई, दोघीही तिच्याकडेच बघत होतो.

मला वाटलं आता ह्या बाई संतापतील. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, खोकल्या, आणि म्हणाल्या, "हरकत नाही. वाइन वाचली ना? मग बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. लोक मास्तरांना बघायला येतात, फोटो आहे, नाव आहे. मास्तर पेला धरतील, बारकी हळूच सांगेल. आत्तापर्यंत चाललंच की. पगारात बघू काहीतरी."

हे ऐकून मी जागच्या जागी हबकले. नवऱ्याने केलं ते भीतीने केलं. ही बाई हसत हसत, ओढणी नीट करत, पोरीचं आयुष्य बापाच्या पेल्यात बुडवून ठेवायला निघाली होती. आणि नवरा? त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. खरंच आला. मी पाहिला.

बारकीनेही पाहिला. "म्हणून पलीकडच्या मळ्याला सांगितलंत, मला नाक नाही?"

"तू गेली असतीस," तो म्हणाला.

बस्स, एवढंच.

मी लग्नापासून त्याला 'अहो' म्हणत आले. त्या क्षणी तोंडातून निघालं, "अरे, लाज कशी वाटली नाही तुला?" मालकीणबाई दचकल्या. तोही दचकला. मी बारकीचा मोबाइल तिच्या खिशातून काढला, तिला म्हटलं, लाव त्या मॅनेजरला. पायऱ्यांपाशी रेंज येते, तिथे नवऱ्याला दंडाला धरून नेलं आणि फोन त्याच्या हातात कोंबला. "सांग. जे खोटं सांगितलंस ते खरं करून सांग."

"काय बोलू?"

"जे आहे ते. दोन वाक्यं आहेत."

पलीकडून आवाज आला. नवऱ्याने घसा खाकरला, आपलं ते भारदस्त बोलणं काढलं. "नमस्कार, मास्तर बोलतोय. मुलीबद्दल मी जे म्हणालो होतो, त्यात सुधारणा आहे. तिला नाक आहे. उत्तम आहे. मला..." तो थांबला. "मला आजच कळलं."

आजच कळलं! तोंडावर थप्पड बसावी तसं झालं मला. सुटतानासुद्धा खोटं. तेही पोरीसमोर. मी फोन हिसकावून घेतला.

"मी ह्यांची बायको. आज नाही कळलं. दोन वर्षं कळतंय. ह्यांना वास येत नाही. दोन वर्षं सगळी वाइन माझ्या मुलीने निवडलीय."

मागे मालकीणबाई "अहो, काय करताय, काय करताय" करत होत्या. पलीकडून तो माणूस सावकाश म्हणाला, "बाई, आम्ही मुलीबद्दल विचारलं होतं. वडिलांबद्दल नव्हतं विचारलं. त्या आहेत का तिथे?"

मी फोन बारकीला दिला. ती पायऱ्या चढून वर उजेडात गेली. शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता. हळू पुटपुटायची सवय लागलेली पोर, पण आवाज चढत चढत मोकळा होत गेला. एकदा ती हसलीसुद्धा. शेवटचं तेवढं नीट ऐकू आलं. "हो. उद्याच येते."

मालकीणबाई माझ्या अंगावरून तरातरा वर निघून गेल्या. त्यांनी माझं काय करायचं ठरवलं ते नंतर कळेलच.

नवरा खालच्या पायरीवर बसला. भिंतभर फोटोतला माणूस आणि हा, दोन वेगळे. मला त्याला बोलायचं होतं अजून, भरपूर होतं, घशापर्यंत आलं होतं. त्याने वर पाहिलं. लहान मूल बाजारात हरवल्यावर असतं तसे डोळे.

"ती गेल्यावर," तो म्हणाला, "मी कुणाला विचारू?"

मी म्हटलं, "मला नको विचारू." आणि मग तिथेच, त्या जळक्या वासात, त्याच्या शेजारी धपकन बसले.